कात्री लावू नका

८ फेब्रुवारी

बारक्या,

आशीर्वाद आहेतच, ते काय दर पत्रात लिहायचे! मुद्द्यावर येते. आपल्या गुंड्यावरची फिल्म बघितलीस का?

फोनच करणार होते. पण फोनवर मला रडू येतं आणि तुला खोकला येतो, मग दोघंही "बरं मग, ठेवू?" म्हणतो आणि ठेवतो. म्हणून लिहितेय.

शेजारच्या घड्याळजीनं त्याच्या दुकानात मोठा टीव्ही लावला होता. आम्ही अकरा माणसं स्टुलांवर बसलो होतो. माझा लेक गेल्यापासून सहा वर्षांत त्याचं नाव न काढलेली माणसंसुद्धा आली होती. मला पुढची खुर्ची दिली, जशी काही मीच फिल्म काढलीय. त्या फिल्मवाल्या पोरीनं माझ्याकडून दोन दिवस बोलून घेतलं आणि त्यातली ठेवली किती, तर तीन वाक्यं. बाकी नुसते माझे हात. मशीनवर हात चालतायत, चालतायत, संपतच नाहीत. आधी सांगितलं असतं तर बोटाची चिकटपट्टी तरी काढून बसले असते.

तू पण दिसलास. अंत्ययात्रेत, मागे खांबाला टेकून. कोट खांद्यावरून पार उतरलेला. तेव्हाच म्हटलं होतं, दे, दोन टाके घालून देते. ऐकशील तर शपथ.

आता खरं सांगते. छावणीतल्या सरावात भिंत कोसळली आणि गुंड्या तिच्याखाली सापडला, एवढंच आपल्याला माहीत होतं ना? फिल्ममध्ये रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर बोललाय. तो म्हणतो, भिंत पडली सकाळी दहाला. तेव्हा रुग्णवाहिका छावणीत नव्हतीच. तुझ्या साहेबांच्या घरी समारंभ होता, पाहुण्यांना आणायला ती स्टेशनवर गेली होती. मैदानावर पोचली ती दुपारी दोननंतर. आणि तोवर मुलगा जिवंत होता, असं त्यानं ऐकलंय.

साहेब काही पडद्यावर आले नाहीत. त्यांचा वकील आला. तो म्हणाला, मुलगा क्षणात गेला होता, गाडी शेजारी उभी असती तरी काही उपयोग नव्हता. आणि पुरावा म्हणून दाखवलं काय, तर मला आलेलं पत्र! त्याची ऑफिसातली प्रत. "त्याला काहीही कळलं नाही. चेहरा झोपेतल्यासारखा शांत होता." हे मला बघून वाचावं लागत नाही रे. मशीनच्या खणात बॉबिनच्या डब्याखाली सहा वर्षं ते पत्र आहे. त्या दोन ओळींवर मी दिवस काढलेत.

मग एकच माणूस क्षणात आणि चार तासांनी, असा दोनदा कसा जाईल?

तू तर त्याच ऑफिसात हेडक्लार्क होतास. ते पत्र कुणी लिहिलं? कुणाच्या सांगण्यावरून? आठवून कळव.

तुझी ताई


१९ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. पत्र मिळालं. गुडघा धरल्यामुळे उत्तराला उशीर झाला. तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? गोळी वेळेवर घेतेस ना? थंडी अजून आहे, पहाटे मशीनवर बसू नकोस.

फिल्म मी पाहिली. चांगली केली आहे, पण शेवटी फिल्म ती फिल्म. ड्रायव्हरला साहेबांनी मागे एकदा शिक्षा केली होती, तो राग त्याच्या मनात असणार. त्यानं स्वतः काही पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे.

पत्राबद्दल विचारलंस. त्या काळात ऑफिसातून रोज पन्नासेक पत्रं जात. टाइप करणारे आम्ही तिघं होतो. कुठलं पत्र कुणी केलं, हे आता सांगणं अवघड आहे. शिवाय असल्या पत्रांचा मसुदा ठरलेला असतो.

ताई, मला वाटतं आता हे उकरून काढू नये. गुंड्या परत येणार नाही. तुझ्या जिवाला मात्र उगाच घोर लागेल. मी तुझ्याच भल्यासाठी सांगतोय.

ते पत्र जपून ठेव. किंवा नाही ठेवलंस तरी चालेल.

तुझा
भाऊ


२४ फेब्रुवारी

बारक्या,

असली पत्रं मला वीज कंपनीकडून येतात.

दुधाचं पातेलं तुझ्या हातून सांडलं होतं, आठवतं? मी शाळेतून आले तर तू दारातच उभा. "ताई, दमलीस का? पाय दुखतात का?" सात वर्षांचा होतास. मी तेव्हाच ओळखलं होतं की आत काहीतरी सांडलंय. आता साठी ओलांडलीस आणि माझं ब्लडप्रेशर विचारतोस. कुठेतरी पाणी मुरतंय. पण कुठे ते मला कळत नाहीये. साहेबांची भीती वाटते का तुला अजून? रिटायर होऊन चार वर्षं झाली की!

बरं, तू नाही सांगत तर मी सांगते. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, त्या फिल्मवाल्या पोरीलाही नाही.

गुंड्याचं सामान पेटीतून आलं, त्यात त्या दिवशीची पँट होती. धुतलेली, घडी घातलेली. सरकारी पँट त्याला दोन माणसांची व्हायची, म्हणून सुट्टीत आला तेव्हा मी त्याच्या तिन्ही पँटी आतून घेऊन दिल्या होत्या. दुहेरी टीप मारून. ती माझी शिवण मी अंधारातसुद्धा हात लावून ओळखीन. तर या पँटीच्या उजव्या पायाची आतली शिवण उसवलेली आहे. खालच्या दुमडीपासून थेट मांडीपर्यंत. फाटलेली नाही, कापलेली नाही. एकेक टाका ब्लेडच्या टोकानं उचलून काढलाय, कापडाला कुठे साधा चरा नाही. माझ्या हाताखालच्या मुलींनासुद्धा इतकं स्वच्छ उसवता येत नाही.

आता तूच सांग. जखमी माणसाच्या कपड्याला घाईत कात्रीच लावतात. आणि माणूस गेलेला असेल तर त्याची शिवण कोण उसवत बसेल? ज्यानं हे केलं त्याच्याकडे वेळ होता. आणि असंच कर म्हणून त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

सहा वर्षं ही पँट कपाटात आहे आणि पत्र खणात. दोन्ही मी कधी एकत्र काढली नाहीत. काढली असती तर त्या दोन ओळी माझ्या हातून गेल्या असत्या. घाबरट काय तू एकटाच आहेस होय?

फिल्ममुळे चौकशी पुन्हा उघडलीय, हे तुझ्याही कानावर आलं असेल. २४ मार्चला समितीसमोर सुनावणी आहे. मला बोलावलंय. मी पँट घेऊन जाणार आणि टेबलावर पसरणार. बघू दे त्यांना.

ताई


४ मार्च

ताई,

पँट घेऊन जाऊ नकोस. वकील पहिला प्रश्न विचारेल, "बाई, तुमचा व्यवसाय काय?" तू म्हणशील, शिवणकाम. तो म्हणेल, "मग ही शिवण तुम्हीच उसवली नाहीत कशावरून?" सगळ्यांसमोर तुझं हसं होईल, आणि ते मला सहन

हे एवढं लिहून थांबलो. कागद फाडणार होतो, पण राहू देतो. मी अजून कसा पळवाट शोधतो, ते तुला दिसू दे.

ताई, ते पत्र मी लिहिलं.

त्या दिवशी तीनच्या सुमाराला साहेबांनी मला आत बोलावलं. गुंड्या गेल्याचं मला तेव्हा कळलं. साहेबांनी तुकडीबरोबरच्या कंपाउंडरची चिठ्ठी पुढे सरकवली आणि म्हणाले, "घरी कळवायला हवं. तुझीच बहीण ना, तूच लिही. फार तपशिलात जाऊ नकोस." चिठ्ठी मी वाचली. त्यात वेळा होत्या. तो बराच वेळ शुद्धीवर होता, हे त्यात होतं.

मला फक्त तू दिसत होतीस. पत्र येईल तेव्हा तू मशीनवर असशील, पाय पायट्यावर असेल. 'चार तास' हे शब्द तुला कसे लिहू? म्हणून लिहिलं की त्याला काहीही कळलं नाही. चेहऱ्याचं वाक्यही माझंच. साहेबांनी पत्र दोनदा वाचलं, "छान लिहिलंस" म्हणाले आणि सही केली. दोनदा का वाचलं, हे माझ्या टाळक्यात तेव्हा शिरलं नाही.

नियमाप्रमाणे कंपाउंडरची चिठ्ठी पत्राच्या प्रतीमागे टाचायची असते. पण घरच्यांनी मागितली तर फायलीची नक्कल मिळते. तू मागशील आणि ती चिठ्ठी वाचशील, या भीतीनं मी टाचणी काढली आणि चिठ्ठी खिशात घातली. माझ्या हातानं.

चौकशी झाली तेव्हा फायलीत फक्त माझं पत्र होतं. मुलगा क्षणात गेला म्हटल्यावर गाडी कुठे होती, हे कोण कशाला विचारेल? तीन दिवसांत फाइल बंद झाली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तोंड उघडायला हवं होतं. पण उघडलं असतं तर तुला कळलं असतं की मी तुझ्याशी खोटं बोललो. मग रोज वाटायचं, उद्या सांगू. कंपाउंडर पुढच्या वर्षी नोकरी सोडून गेला, कुठे ते कुणालाच माहीत नाही. मी रिटायर झालो. साहेब अजून मोठे साहेब झाले.

चिठ्ठी माझ्याकडे आहे, शाळेच्या दाखल्यांच्या पाकिटात. तो शुद्धीवर होता, एवढंच समज. बाकीचं वाचून तुला त्रास होईल.

काय लिहू? मी वाईट हेतूनं केलं नाही गं.

भाऊ


१३ मार्च

चार तास तो जिवंत होता. शुद्धीवर होता.

ते चार तास माझे होते. बावीस वर्षं मी त्याला वाढवलं, त्यातले शेवटचे चार तास तू खिशात घालून घरी नेलेस आणि मला दोन गोड ओळी दिल्यास. मला झेपणार नाही, हे तू परस्पर ठरवलंस. मला विचारायचं होतंस! नवरा गेला तेव्हा झेपलं, आई-बाबा गेले तेव्हा झेपलं, तुझं शिक्षण झेपलं. एवढंच तेवढं झेपलं नसतं?

आणि माझ्या नावावर त्या माणसाला सोडवलंस. आईला त्रास नको म्हणून लिहिलेलं पत्र तो ढालीसारखं पुढे धरतोय, सहा वर्षं.

पत्राला अर्थ होता तो तुझ्या ऑफिसातून आलं म्हणून. तिथे माझा भाऊ बसतो, तो काही खोटं जाऊ देणार नाही, असं मी धरून चालले. लोकांनाही तसंच सांगितलं.

आठवडाभर तुला लिहायला बसत होते आणि उठत होते. घड्याळजी विचारत होता, आजारी आहात का.

चिठ्ठी टपालात टाकू नकोस, गहाळ होईल. उतरवून पाठव. अक्षर न् अक्षर. काही गाळलंस तर मला कळेल. मी समिती नाही, मी तुझी बहीण आहे.


१६ मार्च

ताई,

उतरवून देतोय. काही गाळलेलं नाही.

"१०.१० – भिंत कोसळली. उजवा पाय दबला.

१०.४० – बाहेर काढला. शुद्धीवर आहे. मांडीवर पट्टी आवळली. ऑफिसला फोन, गाडी मागितली. साहेब स्वतः बोलले. 'बघतो.'

११.०० – जखम बघायला पँट कापायला घेतली. कापू देत नाही. म्हणतो, आईनं फिट करून दिलीय, कात्री लावू नका, शिवण उसवा. ब्लेड कसं धरायचं ते पडल्या पडल्या सांगतो. उसवली.

११.३० – दुसरा फोन. 'गाडी येतेय.' पाणी मागतो. ओठ ओले केले.

१२.२० – बोलतोय. लहानपणी गुंडी गिळली म्हणून घरी गुंड्या म्हणतात, असं सांगतो. म्हणतो, दवाखान्यात पोट उघडलं तर बघा, अजून आत असेल, आईला परत द्या. हसला.

१.०० – तिसरा फोन. 'बघतो.' म्हणतो, माझा मामा ऑफिसात आहे, त्याला सांगा, मामा गाडी पाठवेल.

१.३० – बोलणं कमी. थंडी वाजते. माझा स्वेटर घातला.

२.०५ – गेला. शेवटपर्यंत हात धरून होतो.

२.२० – गाडी आली."

एवढंच आहे. खाली त्याची सही आहे.

ताई, मागच्या पत्रात मी लिहिलं की चिठ्ठी तुझ्यासाठी लपवली. ते अर्धंच खरं होतं. एकची नोंद मी स्वतःसाठी लपवली. त्या दिवशी मी ऑफिसातच होतो. साहेबांच्या खोलीत तीनदा फोन वाजला, तो मी ऐकला. मधे फक्त एक दार होतं. काय झालं म्हणून मी विचारलं नाही. हेडक्लार्कनं साहेबांच्या फोनबद्दल विचारायचं नसतं, असं मला बत्तीस वर्षं वाटत होतं. तो तिथे पडून सांगत होता, मामा गाडी पाठवेल. आणि मामा रजेचे अर्ज लावत बसला होता.

काल मी समितीला सगळं लिहून दिलं, रजिस्टर्ड पोस्टानं. कुठली ओळ माझी, टाचणी कुणी काढली, फोन किती वाजले, सगळं. साहेब काय म्हणाले तेही लिहिलं. २४ला मीही समितीसमोर जाणार आहे, चिठ्ठी मूळ स्वरूपात घेऊन. माझ्यावर खटला होऊ शकतो, असं ओळखीचा वकील म्हणाला. होऊ दे. इतक्या वर्षांत काल पहिल्यांदा दुपारी गाढ झोप लागली.

एक मागतो. त्या दिवशी तू आधी तुझी साक्ष देऊन निघून जा. तुझ्यासमोर माझी जीभ उचलणार नाही.

भाऊ


२० मार्च

बारक्या,

तुझं पत्र परवा आलं. दुकानात फोडलं नाही, घरी नेलं. वाचलं. मग काल सकाळी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, घड्याळजीकडून एक बरोबर चालणारं घड्याळ आणलं आणि समोर ठेवलं. दहा वाजून दहा मिनिटांनी त्याची पँट मांडीवर घेऊन बसले ती दोन पाचपर्यंत उठले नाही.

जशी वेळ होईल तशी तुझी ओळ वाचत होते. अकराला शिवणीवरून हात फिरवला. अरे, ब्लेड आडवं धरायचं, टाक्याच्या पोटात टोक घालायचं, हे मीच शिकवलं होतं त्याला, दहा वर्षांचा असताना. तेव्हा बोट कापून घेतलं होतं आणि मलाच ओरडला होता. साडेअकराला पाणी प्यायले. बारा वीसला काय झालं सांगू? हसले. एकटीच, मोठ्यानं. घड्याळजी शटरखालून वाकून बघून गेला. ती गुंडी दुसऱ्याच दिवशी बाहेर आली होती रे! पिवळी, चार भोकांची. मी धुऊन डब्यात टाकली आणि त्याला कधी सांगितलंच नाही. पुढे काही तोंडात घालू नये म्हणून म्हटलं, राहू दे धाक. बावीस वर्षांचा होईपर्यंत बिचारा समजत होता की गुंडी आत आहे. म्हणजे त्याच्या भल्यासाठी मीही लपवलं होतंच की. आपल्या घराण्याची खोडच म्हणायची ही.

दीडला त्याला थंडी वाजली तेव्हा मात्र रडले. खूप रडले. एकदा शेवटचं नीट रडायचं राहून गेलं होतं, ते काल झालं. दोन पाचला त्याचा हात कुणीतरी धरला होता, हे मला माहीत झालं. त्या कंपाउंडरला मी शोधणार आहे. त्याच्या स्वेटरची परतफेड राहिलीय.

तुझ्या दोन ओळींत माझा मुलगा झोपला होता. या चिठ्ठीत तो जागा आहे, बोलतोय, थट्टा करतोय, आईची शिवण वाचवतोय. दुखलं त्याला, फार दुखलं असणार. पण हा माझा आहे. तो झोपलेला कुणाचाही असता.

आता तुझं. तुला माफ केलं, असं मी लिहीत नाही, कारण अजून झालेलं नाही. होईल तेव्हा कळवीन. खोटं लिहायचा कंटाळा आलाय आता या घरात.

पण निघून जा म्हणतोस, ते जमणार नाही. मी पहिल्या बाकावर बसणार. एकची नोंद तूच वाचायची, मोठ्यानं, खोकला न काढता. मामा गाडी पाठवेल म्हणाला ना तो? सहा वर्षं उशीर झाला तुला. पण जा आणि सांग त्यांना, ती गाडी कुठे होती आणि कुणी पाठवली होती. तो साहेब समोर बसलेला असेल, तर त्याच्याकडे बघून सांग. आणि वकिलानं मला विचारलंच की शिवण तुम्हीच उसवली कशावरून नाही, तर मी म्हणेन, माझ्या मुलानं सांगून उसवून घेतली, ही बघा अकराची नोंद. खटला झालाच तर होऊ दे. डबा घेऊन येईन.

२३ला दुपारच्या आत इथे पोच. गुडघ्याला पट्टा बांधून ये, जिना तोच आहे. आणि तो कोट आण. असला उतरलेला खांदा घेऊन समितीसमोर उभा राहिलास तर आधीच पडलेला वाटशील. खांदा उसवून परत घालावा लागेल, त्याला दोन-तीन तास जातात. समोर बसावं लागेल तुला. मी बोलेन, कदाचित ओरडेनही. ऐकून घे.

घाबरू नकोस. कात्री लावणार नाही.

अनेक आशीर्वाद. या वेळी लिहितेय.

ताई